न हरवलेल्या दोन नळ्या

माझ्या सेवापुस्तकाच्या अकराव्या पानावर निळ्या शाईत एक ओळ आहे: ‘निष्काळजीपणामुळे श्वासनळीत बसवायच्या दोन चांदीच्या नळ्या गहाळ केल्या. सक्त ताकीद देण्यात आली.’ खाली दोन सह्या आहेत. साहेबांची सही कुणालाच वाचता येत नाही. माझी शाळेतलं पोरही वाचेल.

त्या नळ्या मी हरवल्या नाहीत. त्या मी कधी पाहिल्याही नव्हत्या. तरी सही माझीच आहे, आणि कुणी हात धरून करून घेतलेली नाही. ह्या एका ओळीने मला मेट्रन होऊ दिलं नाही. माझ्यामागून आलेल्या, सुई धरताना ज्यांचा हात कापायचा अशा दोघी माझ्या वर जाऊन बसल्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण हे लिहिताना अजून कानशिलं तापतात.

माझी आई कुंडलच्या बाजारात सरपणाची मोळी विकायची. मी सात वर्षांची असल्यापासून छोटी मोळी घेऊन तिच्या मागे. तिने मला एकच गोष्ट शिकवली. “भाव ठरल्याबिगर मोळी खाली ठिवायची न्हाई. डोईवर हाय तवर ती आपली. एकदा खाली ठिवली की गिऱ्हाईक म्हणंल त्ये.” मान मोडून यायची, पण मी ठेवत नसे. ह्याच अकलेवर मी शिकले. हेडमास्तरांशी घासाघीस करून फी माफ करून घेतली. नर्सिंगच्या शाळेत वजन कमी भरलं म्हणून परत पाठवायला निघाले, तर म्हटलं, महिनाभर पोटभर जेवायला घाला आणि मग काट्यावर उभी करा. घेतलं त्यांनी. दुसऱ्या वर्षाला असताना आमची वस्ती बौद्ध झाली. सुट्टीत घरी गेले तर देव्हारा रिकामा होता आणि आई म्हणाली, “आता कुणाम्होरं वाकायचं न्हाई.” मी परत आले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी, डॉक्टर वॉर्डात शिरताच हात मागे बांधून भिंतीला चिकटून उभी राहिले. आम्हा नर्सांत शिस्तच तशी होती.

ज्या दवाखान्याची ही गोष्ट, त्याचं नाव लिहीत नाही. कृष्णेच्या काठचं, सातारा आणि सांगली दोन्हीकडे एस.टी. जाणारं एक मोठं गाव समजा. तीन वॉर्ड: पुरुषांचा, बायकांचा, मुलांचा. समोरून लांब व्हरांडा, मागून स्वयंपाकघराकडची बोळवजा वाट. दक्षिण साताऱ्याचा सांगली जिल्हा होऊन वर्षं झाली होती, तरी आमच्या चादरींवर जुन्या जिल्ह्याचाच शिक्का होता. मी मुलांच्या वॉर्डाची इनचार्ज सिस्टर. वयाने लहान होते, पण तो वॉर्ड कुणाला नको होता. पोरं रात्रंदिवस रडतात आणि त्यांचे आईबाप सिस्टरशी भांडतात. मला भांडणाचं काही वाटत नव्हतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, वॉर्डात सिस्टरचा हुकूम चालतो. पांढरा गणवेश, पांढरी टोपी, कडक चेहरा. खरी रचना सांगते. रोग्याला काय द्यायचं हे डॉक्टर सांगणार. मी कुठे उभं राहायचं, कधी जेवायचं, कधी सुट्टी घ्यायची हे मेट्रनबाई सांगणार. औषधं कंपाउंडरच्या ताब्यात, सामान स्टोअरकीपरच्या ताब्यात. आया, वॉर्डबॉय आणि झाडूवाले मुकादमाच्या हाताखाली. म्हणजे वॉर्डात जे बिघडेल त्याचा जाब मला, आणि माझं ऐकायला बांधील असा माणूस एकही नाही.

एकदा एका पोराला लघवीचं भांडं द्यायला आया नाही म्हणून मी शोधत गेले, तर आमची गंगूआया मुकादमाच्या दारात गहू निवडत बसलेली. मी म्हटलं, “गंगू, वॉर्डात चल.”

“आवं सिस्टर, मला मुकादमानं बसवलंय. त्येनला इचारा.”

मुकादम म्हणाला, “बाई, लेखी द्या. मेट्रनबाईंच्या सहीनं.”

मेट्रनबाई म्हणाल्या, मुकादम माझ्याकडे येत नाही, तो कार्यालयाकडे येतो. कार्यालयाने सांगितलं, उद्या या. भांडं मी दिलं. गादी आधीच भिजली होती, आणि गादी खराब झाल्याचा खुलासा दुसऱ्या दिवशी माझ्याकडेच मागितला.

अशा ठिकाणी काम चालतं ते उसनवारीवर. बायकांच्या वॉर्डाकडे कापूस जास्त, माझ्याकडे स्पिरिट. पुरुषांच्या वॉर्डाकडे सलाइनचे स्टँड, माझ्याकडे शिवणकाम येणारी गंगू. मी तीन मच्छरदाण्या रफू करून एक स्टँड आणला, दोन वाटी स्पिरिटवर महिन्याचा कापूस मिळवला. सगळ्या दवाखान्यात कुठे काय पडून आहे हे स्टोअरकीपरपेक्षा मला जास्त ठाऊक होतं. वाढायला घेतलेल्या भाकरीसारखी वस्तू इकडून तिकडे जायची. कागदावर काही नाही. मला ह्याचा फार गर्व होता. बाजारात मोळी विकलेली पोर सरकारी दवाखाना चालवते असं मी स्वतःशी म्हणायचे.

आता नळीची गोष्ट. घटसर्प हा रोग तेव्हा हिवाळ्यात सारखा यायचा. पोराच्या घशात पांढुरका पापुद्रा धरतो, तो वाढत श्वासाच्या वाटेवर बसतो आणि पोर डोळ्यांदेखत घुसमटतं. मग डॉक्टर गळ्याला पुढून छेद देतात आणि त्यात बोटाच्या पेराएवढी वाकडी चांदीची नळी बसवतात. पोर नाकाऐवजी नळीतून श्वास घेतं. नळी फितीने मानेला बांधायची, आतला भाग दर दोन तासांनी काढून धुवायचा. हे काम सिस्टरचं.

रजिस्टरप्रमाणे दवाखान्यात लहान मुलांच्या अशा नळ्या तीन होत्या, दर वॉर्डाकडे एक. खरी नळी एकच होती. बाकीच्या दोन कधी गेल्या, मोडल्या की कुणी बदलीच्या ट्रंकेत नेल्या, ते कुणालाच माहीत नव्हतं. मी चार्ज घेतला तेव्हा आधीच्या सिस्टरने ट्रे उघडून दाखवला. नळी होती. मी सही केली. पुढच्या आठवड्यात ती नळी बायकांच्या वॉर्डातली सिस्टर घेऊन गेली, तिच्या तपासणीसाठी. मी विचारलं, तुमची कुठे आहे? ती म्हणाली, “हीच आमची. हीच तुमची. सही करून बसलीस ना? मीही तशीच बसले.”

मला धक्का बसायला हवा होता. बसला नाही. मी लगेच हिशेब केला की नळी माझ्या वॉर्डात राहावी, कारण पोरं माझ्याकडे येतात. तपासणी असेल तेव्हा बाकीच्यांनी न्यावी. आणि त्याबदल्यात मला दोघींकडून रबरी चादर मिळावी. रबरी चादरी मिळाल्या. त्या सौद्यावर मी खूश होते. आज त्याच गोष्टीची मला सगळ्यात जास्त शिसारी येते.

चीनच्या लढाईच्या पुढच्या हिवाळ्यात वरच्या साहेबांची तपासणी लागली. आठ दिवस आम्ही भिंती धुतल्या. रोग्यांना सांगितलं, साहेब असेपर्यंत खोकू नका. मोजणीची व्यवस्था मीच आखली होती. साहेब आधी पुरुषांच्या वॉर्डात, मग बायकांच्या, शेवटी माझ्याकडे येणार. ते एका वॉर्डातून समोरच्या व्हरांड्याने निघाले की गंगूआया मागच्या बोळाने सामान पुढच्या वॉर्डात नेणार. बारा भांडी, दोन स्टँड, आणि टॉवेलखाली झाकलेल्या ट्रेमध्ये नळी. तीच भांडी साहेब तीनदा मोजणार. मी गंगूकडून चालण्याचा सराव करून घेतला होता. मेट्रनबाईंना सगळं माहीत होतं. त्या एवढंच म्हणाल्या, “भांड्यांचा आवाज होता कामा नये.”

सकाळी अकराच्या सुमारास साहेब बायकांच्या वॉर्डात शिरले, आणि माझ्या वॉर्डाच्या मागच्या दाराने एक धनगर जोडपं आत आलं. जतकडची माणसं. त्या दिवसांत मेंढरं घेऊन नदीकाठच्या रानात उतरलेली असायची. बाप्याच्या खांद्यावर चार वर्षांची पोर होती. तिच्या छातीच्या फासळ्या प्रत्येक श्वासाला आत ओढल्या जात होत्या आणि घशातून करवतीसारखा आवाज येत होता. ओठ जांभळे. आई कानडीत बोलत होती, “उसिरु इल्ल, उसिरु इल्ल.”

“श्वास न्हाई म्हणती ती,” बाप म्हणाला. “चार दिस ताप व्हता. काल झाडपाला दिला. आज अशी कराय लागलीय. लगमी नाव हाय.”

ड्यूटीवर शेंडे डॉक्टर होते. पुण्याहून शिकून आलेले, कोवळे, भित्रे, पण हाताचे चांगले. तपासणीच्या फेरीत लहान डॉक्टरांना स्थान नसतं, म्हणून माझ्या वॉर्डात होते. त्यांनी चमच्याने जीभ दाबली, आत पाहिलं आणि म्हणाले, “सिस्टर, सीरम द्या. आणि ट्रे. आत्ता कापायला लागेल.”

घटसर्पाच्या विषावरच्या सीरमची सुई दिली. चाकू, चिमटे, कापूस, फीत सगळं उकळून तयार होतं. पोरीला टेबलावर घेतलं, खांद्याखाली गुंडाळलेला टॉवेल सरकवला, मान मागे टाकली. तिने तोवर हातपाय झाडायचं थांबवलं होतं, आणि ते फार वाईट लक्षण असतं. डॉक्टरांनी छेद दिला. हवा आत जाताना शिट्टीसारखा आवाज झाला, रक्ताचा बुडबुडा उडाला, आणि पोरीची छाती एकदम भरून आली. जिवंत होती.

“नळी,” डॉक्टर म्हणाले.

मी कात्रीच्या आकाराचा चिमटा छेदात घातला आणि त्याची टोकं फाकवून भोक उघडं धरलं. चिमटा ढिला झाला की भोक मिटणार, श्वास बंद.

“सिस्टर, नळी.”

“शेजारच्या वॉर्डात आहे.”

“तुमची कुठे आहे?”

“तीच आमची.”

शेंडे डॉक्टरांचा चेहरा मी विसरलेले नाही. त्यांना नोकरी लागून चार महिने झाले होते, आणि रजिस्टरमधल्या तीन ह्या आकड्यावर त्यांचा विश्वास होता.

मी गंगूला सांगितलं, पळ. ती गेली आणि तशीच परत आली. बायकांच्या वॉर्डाच्या मागच्या दारात मुकादम उभा होता. म्हणाला, साहेब आत असेपर्यंत आयेनं आत पाय टाकायचा न्हाई, हुकूम हाय. गंगूने सांगितलं, पोर मराय लागलीय. तो म्हणाला, मग तुझ्या सिस्टरनं मेट्रनबाईला चिठ्ठी द्यावी. गंगू बाजूच्या खिडकीशी गेली. आत नळीचा ट्रे टेबलावर होता, आणि त्याच्या शेजारी, हात लांब केला तर लागेल एवढ्यावर, तिथली सिस्टर हात मागे बांधून उभी होती. गंगूने खिडकीतून हात केला, गळ्यावर बोट फिरवून दाखवलं. सिस्टरने पाहिलं. आणि नजर खाली घातली.

त्या सिस्टरशी मी पुढे दोन वर्षं बोलले नाही. पण खरं लिहायचं तर, फेरी चालू असताना मेट्रनबाईंनी विचारल्याशिवाय सिस्टरने बोलायचं नाही हे आम्हाला शिकत असल्यापासून पाठ होतं, आणि तिच्या जागी मी असते तर मी बोलले असते की नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

“चिठ्ठी देऊ?” गंगू म्हणाली. चिठ्ठी कोण लिहिणार? माझे दोन्ही हात चिमट्यावर. डॉक्टर रक्त टिपत होते, ते हलले तर रक्त आत उतरणार. मी मान वर केली तर बाप दारात उभा. खांद्यावर घोंगडी, हातात काठी.

माझी शहरी भाषा त्या क्षणी गळून पडली. “आवं दादा, तुमी जावा. पलीकडच्या वॉर्डात टोपीवाल्या बायका हायत्या. टेबलावर टॉवेलाखाली ट्रे हाय, त्यात चांदीची वाकडी नळी हाय. ती घिऊन या. कुणाचं ऐकू नगा.”

“मला आत सोडत्याल का?”

“तुमाला कोण नोकरीवरनं काढणार हाय?”

तो गेला. पुढचं गंगूने खिडकीतून पाहिलं आणि जन्मभर सगळ्यांना सांगितलं. मुकादम आडवा आला तर त्याने काठी त्याच्या छातीवर टेकवली आणि मेंढरू बाजूला करावं तसं त्याला बाजूला केलं. सरळ आत गेला. साहेब, त्यांचे कारकून, आमचे मोठे डॉक्टर, मेट्रनबाई, सगळे बघत राहिले. ह्या माणसाला कुणी थांबवायचं ते कुणालाच कळेना, कारण तो कुणाच्याच हाताखालचा नव्हता. मेट्रनबाई म्हणाल्या, “अहो, कोण तुम्ही? काय पाहिजे?”

“नळी,” तो म्हणाला. त्याला नळी कशी दिसते ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने अख्खा ट्रे टॉवेलसकट उचलला.

डॉक्टरांनी नळी स्पिरिटमध्ये बुडवून बसवली. मी चिमटा सोडला तेव्हा माझी बोटं सरळ होईनात. बावीस मिनिटं झाली होती, डॉक्टरांनी सांगितलं. मला दोन वाटली होती, किंवा दोन दिवस. लगमी नळीतून श्वास घेत होती, आणि तिची आई जमिनीवर बसून माझ्या चपलेचा पट्टा धरून राहिली होती.

बापाच्या मागोमाग साहेब आले. वाईट माणूस नव्हता. पोरीकडे पाहिलं, डॉक्टरांना शाबासकी दिली. मग मला विचारलं, “दुसऱ्या वॉर्डातून नळी का मागवावी लागली? ह्या वॉर्डाच्या नावावर एक आहे ना?”

मी तोंड उघडलं. त्याच्या आत मेट्रनबाई म्हणाल्या, “उकळायला ठेवलीय, साहेब.”

साहेबांनी मान हलवली आणि वहीत खूण केली. मी चुलीकडे पाहिलं. चुलीवर भांडं होतं, त्यात पाणी उकळत होतं, आणि आत काहीही नव्हतं. मला पहिला खरा धक्का तिथे बसला. पोर घुसमटताना नाही, भोक उघडं धरताना नाही. त्या रिकाम्या उकळत्या भांड्याकडे सगळ्यांनी एकदा पाहिलं आणि सगळे पुढे गेले.

लगमी सुधारत होती. आठ दिवस ती नळी तिच्या गळ्यात होती, म्हणजे तीन वॉर्डांच्या तिन्ही नळ्या त्या एका पोरीच्या गळ्यात होत्या. मी रोज दाराकडे बघायचे की दुसरं असं पोर येतंय का. आलं नाही. नवव्या दिवशी नळी काढायची ठरली होती. आठव्या दिवशी सकाळी मी तिचं अंग पुसत होते. ती उठून बसली, मागच्या दारातून दिसणाऱ्या मेंढराकडे हात केला, आणि आडवी झाली. घटसर्पाचं विष हृदयावर जातं. आवाज न करता जातं.

शेंडे डॉक्टरांनी बापाला सगळं समजावून सांगितलं. नळीला उशीर झाला त्याचा ह्याच्याशी संबंध नाही, हेही सांगितलं. ते खरंच असेल. बापाने ऐकून घेतलं. मग पोरीला घोंगडीत घेऊन निघताना माझ्यापाशी थांबला.

“बाई, तुमच्यात ती नळी एकच हाय?”

“एकच.”

“त्या दिशी त्या टोपीवाल्या बाई सायबाला तीन सांगत व्हत्या.”

मी पोरीवरची घोंगडी सारखी केली.

“आमी मेंढरं मोजताना एक दोनदा मोजलं गेलं, तर परत पयल्यापासनं मोजतो,” तो म्हणाला. “न्हाईतर सांजला कुठलं गेलं त्येच कळत न्हाई.”

त्याने हे रागाने म्हटलं नाही. मी चिडले असते तर बरं झालं असतं, चिडण्यात मी तरबेज होते. पण ही मोजणी मी आखली होती. गंगूचा सराव मी घेतला होता. दोन रबरी चादरींवर.

दुपारी मी मेट्रनबाईंच्या खोलीत गेले. परवानगी न घेता बसले, हे त्या खोलीत आजवर कुणी केलं नव्हतं.

“दोन नळ्या मागवा.”

“मागता येणार नाहीत,” त्या म्हणाल्या. “मागणीपत्रकात शिल्लक किती असा रकाना आहे. तीन शिल्लक असताना चौथी कुणी देत नाही.”

“मग एकच आहे असं लिहा.”

“कधीपासून?” त्या शांतपणे म्हणाल्या. “तुझ्या आधी पाच जणींनी तीनवर सह्या केल्यात. दर वर्षी तपासून मी केल्यात. त्या दिवशी साहेबांसमोर मी काय बोलले ते तू ऐकलंस.”

“ऐकलं. आन उकळत्या पाण्यात काय व्हतं त्येबी बघितलं.”

“आवाज खाली.”

“न्हाई करत खाली. दुसरं पोर आलं तर मी चिमटा धरून आठ दिवस उभी ऱ्हाऊ?”

मग त्यांनी एक कोरा कागद माझ्यासमोर सरकवला. त्या हुशार होत्या, आणि त्या दिवशी मला कळलं की माझ्याहूनही पक्क्या सौदेबाज होत्या. “एक वाट आहे. नळ्या कालपर्यंत तीन होत्या. ह्या केससाठी तू बाकीच्या दोन्ही वॉर्डांच्या उसन्या घेतल्यास, आणि गडबडीत दोन हरवल्या. असं लिहिलंस तर शिल्लक एक होईल. मग दोन मिळतील.”

माझ्या उसनवारीची बातमी सगळ्या दवाखान्याला होती. खोटं पटण्यासारखं होतं. ते खोटं माझ्याच मापाने शिवलेलं होतं.

“आणि माझं काय?”

“ताकीद. वर्षभराने शेरा काढून टाकू. ते माझ्याकडे लागलं.”

मी सही केली. नळ्या मागवल्याचा कागद पाहिल्याशिवाय सोडणार नाही म्हटलं, आणि तो पाहिलाही. तिथे मी माझी अक्कल वापरली. पण शेऱ्याचं मी लेखी घेतलं नाही. मोळी आधी खाली ठेवली. सात वर्षांची असताना जी चूक केली नाही, ती मी पंचविशीच्या पुढे केली, कारण त्या दिवशी मला कुठेतरी वाटत होतं की शिक्षा मला व्हायलाच हवी. सौदा करताना असं वाटून चालत नाही.

महिन्याभरात माझी बदली जतला झाली. मेट्रनबाई सहा महिन्यांनी निवृत्त होऊन भावाकडे गेल्या. मी पत्रं लिहिली, रजिस्टर पोस्टाने. उत्तर आलं एकदाच, ‘प्रकृती बरी नाही’ एवढंच. त्यांच्या जागी आलेल्या बाईंना मी सांगायला गेले तर त्यांनी सेवापुस्तक उघडून माझीच सही मला दाखवली. खुलासा तुम्हीच लिहिलाय ना? मीच लिहिलाय. मग आता दुसरा खरा कसा मानायचा? ह्या प्रश्नावर मी आजही अडकलेली आहे.

सहा-सात वर्षांनी एका रोग्याला घेऊन त्या दवाखान्यात जाण्याचा योग आला. गंगू निवृत्त झाली होती. मुलांच्या वॉर्डात नवी सिस्टर होती, वाईकडची, चुणचुणीत. मी ओळख सांगितली नाही. म्हटलं, घटसर्पाचा ट्रे दाखवता का? तिने टॉवेल काढला. तीन नळ्या होत्या. दोन नव्या चकचकीत. तिसरी काळपटलेली, तिच्या पट्टीवरचा छोटा पोचा मी ओळखला. मी ती उचलायला हात पुढे केला.

“बाई, हात नका लावू,” ती म्हणाली. “पूर्वी इथल्या एका सिस्टरने दोन हरवल्या होत्या. तेव्हापासून तिन्ही माझ्याच कुलपात असतात. रोज मोजाव्या लागतात.”

“उपयोगी पडतात का?”

“मागल्या हिवाळ्यात दोन पोरं एकाच दिवशी आली होती. दोन्ही चालत घरी गेली.”

मला खूप बोलायचं होतं. त्या सिस्टरचं नाव काय, ती कोण, नळ्या किती होत्या, कुणी काय म्हटलं. तोंडाशी सगळं आलं. पण बाहेर शिपाई हाक मारत होता आणि तिला टॉवेल झाकायची घाई होती.

“मोजत जा,” मी म्हटलं. “पण तिन्ही एकदम तळहातावर घेऊन मोज.”

तिने माझ्याकडे जरा विचित्रच पाहिलं. मग तिन्ही नळ्या उचलून तळहातावर ठेवल्या, आणि मी खात्री होईपर्यंत बघत उभी राहिले.